भूगोलाची पदवी: विद्यार्थी-पालकांचे प्रश्न

बारावी कॉमर्समधून झाले. भूगोल कधी नव्हता. पदवीला घेता येईल का? (विद्यार्थिनी, गडहिंग्लज)

येईल. बी.ए.ला कोणत्याही शाखेतून बारावी झालेली चालते; बी.एस्सी.ला मात्र बारावी विज्ञान लागतं. नकाशाप्रमाण आणि समोच्चरेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) पहिल्या सत्रात मुळापासून शिकवतात, आणि सांख्यिकीच्या पेपरला तुमचा आकडेमोडीचा सराव कामी येईल. प्रवेशाआधी विभागाची प्रयोगशाळा बघून या. स्थलनिर्देशक नकाशे (डोंगर, ओढे, रस्ते, गावं दाखवणारे टोपोशीट) हाताळून मऊ पडलेत की कपाटात कोरे आहेत, यावरून तिथलं शिकवणं कळतं.

चार वर्षं करावीच लागतात का? (पालक, कागल)

नाही. नव्या शैक्षणिक धोरणात सत्राला साधारण 22 श्रेयांक (क्रेडिट) असतात. तीन वर्षांत 132 झाले की पदवी, चौथ्या वर्षासह 176 झाले की ऑनर्स. संशोधनासह ऑनर्स हवी असेल तर पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के लागतात. चार वर्षं केली तर एम.ए. एका वर्षात होतं.

पर्यावरण व्यवस्थापनात नोकरी हवी. भूगोल घेऊ की पर्यावरणशास्त्र? (विद्यार्थी, इचलकरंजी)

आधी काम कोणतं आवडतं ते ठरवा. पंचगंगेच्या पाण्याचा नमुना 27 अंशांवर तीन दिवस ठेवून बीओडी (पाण्यातली घाण कुजताना लागणारा प्राणवायू) काढायचा असेल, तर रसायनशास्त्र पक्कं हवं. तिथे पर्यावरणशास्त्रच घ्या. कोणता नाला नदीला कुठे मिळतो, त्याखाली कोणत्या गावांचे जॅकवेल (नदीतून पाणी उपसायच्या विहिरी) आहेत, हे नकाशावर मांडायचं असेल तर भूगोल. प्रदूषण नियंत्रणातल्या शास्त्रीय पदांना बहुधा विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी मागतात. अशा जागांची एखादी जुनी जाहिरात आत्ताच वाचा. तिसऱ्या वर्षाला कळून उपयोग नाही.

प्रकल्पासाठी आमच्या गावचा पूर घेतला तर चालेल? (विद्यार्थी, शिरोळ तालुका)

चालेल काय, घ्याच! मात्र राजाराम बंधाऱ्याची 39 फूट इशारा पातळी आणि 43 फूट धोका पातळी लिहून पुढे वर्तमानपत्रांची कात्रणं चिकटवू नका.

1:50,000 च्या नकाशावर समोच्चरेषा 20 मीटरच्या अंतराने असतात. तुमच्याकडच्या सपाट रानात अख्खा पूर दोन रेषांच्या मध्येच मावतो, म्हणजे नकाशावर तो दिसतच नाही. म्हणून विभागातून डंपी लेव्हल (उंचीतला फरक मोजायची दुर्बीण) मागून घ्या. जवळचा उंची माहीत असलेला बिंदू शोधा आणि तिथून घरांच्या, देवळाच्या भिंतींवरच्या पाण्याच्या खुणांची उंची जोडत चला. 2005, 2019 आणि 2021 च्या खुणा वेगळ्या नोंदवा. कोणती खूण कोणत्या सालची, हे एकाच घरात विचारून थांबू नका; शेजारीही विचारा, माणसं साल विसरतात.

उपग्रहाचं चित्र जोडायचं तर सेंटिनेल-1 चं रडार चित्र घ्या. ऑगस्टच्या ढगांतून साध्या कॅमेऱ्याला खालचं पाणी दिसत नाही, रडारला दिसतं. चित्रं फुकट मिळतात आणि क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडतात. मग भिंतीवरची तुमची उंची आणि चित्रातली पाण्याची कड जुळते का ते तपासा. जिथे जुळणार नाही, तिथे रस्त्याचा भराव किंवा बुजवलेला ओढा आहे का ते जाऊन बघा. माझ्या मते प्रकल्पाचा खरा जीव तिथेच आहे, आणि हे काम तुमच्या गावातल्या मुलाइतकं कुणी चांगलं करू शकणार नाही.

मोजणी दिवाळीआधी उरका. रंगरंगोटी झाली की खुणा जातात.