स्टेम सेल संशोधनासाठी पेशंटच्या घरच्यांनी धडपडून काही होतं का?

तुम्ही लिहिलंय, मुलाच्या मणक्याला मार लागून कमरेखालचं अंग गेलं, डॉक्टर म्हणतात संशोधन चालू आहे, मग आम्ही नुसती वाट बघायची का? माझ्या धाकट्या भावाचंही हेच दुखणं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

होतं. कॅलिफोर्नियात तर ते घरच्यांनीच घडवलं. रोमन रीड हा तरुण १९९४ मध्ये अमेरिकन फुटबॉल खेळताना मान मोडून जायबंदी झाला. त्याने आणि घरच्यांनी आमदारांचा पिच्छा पुरवून मज्जारज्जूच्या संशोधनाला राज्याचा पैसा देणारा कायदा करून घेतला. १९९९ चा तो कायदा त्याच्याच नावाने ओळखला जातो. त्या निधीची मदत झालेलं काम म्हणजे हान्स कियरस्टेड या संशोधकाचे उंदरांवरचे प्रयोग. मानवी भ्रूणाच्या मूळपेशींपासून (याच स्टेम सेल, ज्यांच्यापासून शरीरातल्या इतर पेशी बनू शकतात) बनवलेल्या, चेतातंतूंवर मायलिनचं आवरण चढवणाऱ्या पेशी त्यांनी जखमेत सोडल्या. मार लागून आठवडा झालेले उंदीर बरेच सुधारले, दहा महिने झालेले नाहीत. हा फरक आपल्यासारख्या घरांनी लक्षात ठेवायलाच हवा.

ऑगस्ट २००१ मध्ये बुश सरकारने भ्रूणपेशींच्या संशोधनावरचा केंद्राचा पैसा आधीच तयार असलेल्या पेशींपुरता मर्यादित केला. तेव्हा रॉबर्ट क्लाइन पुढे आले. त्यांच्या मुलाला टाइप १ मधुमेह, आईला अल्झायमर. स्टेम सेल संशोधनासाठी कॅलिफोर्निया राज्याने रोख्यांतून, म्हणजे कर्ज काढून, ३ अब्ज डॉलर उभारावेत, हा प्रस्ताव त्यांनी थेट मतदारांपुढे नेला. घोड्यावरून पडून मानेखाली लुळे झालेले अभिनेते ख्रिस्तोफर रीव्ह यांनी त्याला पाठिंबा दिला, पण मतदानाच्या काही आठवडे आधीच ते गेले. नोव्हेंबर २००४ मध्ये ५९ टक्के मतांनी प्रस्ताव मंजूर झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या संस्थेच्या २९ जणांच्या मंडळात १० जागा पेशंटच्या बाजूने बोलणाऱ्यांसाठी होत्या. पैसा कुठे जाणार हे ठरवताना घरचा माणूस समोर बसलेला, ही मला सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

त्याचा उपयोगही झाला. त्या उंदरांवरच्या कामातून जेरॉन कंपनीने २०१० मध्ये माणसांवर चाचणी सुरू केली आणि पुढच्याच वर्षी आर्थिक कारणाने बंद केली. २०१४ मध्ये याच संस्थेच्या पैशातून दुसऱ्या कंपनीने ते काम पुन्हा हाती घेतलं. काही पेशंटच्या हातांत सुधारणा दिसली; पण तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे ती पेशींमुळेच झाली असं ठामपणे म्हणता येत नाही.

पेशंट बोलले की संशोधनाची दिशाही बदलते. बाहेरच्यांना वाटतं, यांना फक्त चालायचंय. किम अँडरसन या स्वतः मज्जारज्जूला इजा झालेल्या संशोधक. २००४ मध्ये त्यांनी पेशंटनाच विचारलं, तर मानेला मार लागलेल्यांनी सर्वांत आधी हात मागितले, आणि लघवी-शौचावरचा ताबा त्यांच्या आणि मानेच्या खाली मार लागलेल्यांच्या, दोन्ही गटांच्या यादीत वरचा होता. माझा भाऊ तेच म्हणतो, "पाय नंतर बघू, आधी कॅथेटर सोडवा." रात्री दर दोन तासांनी त्याची कूस बदलायला उठणाऱ्या माझ्या आईला हे कोणी समजावून सांगावं लागत नाही.

आता आपल्याकडचं. आम्हालाही एका क्लिनिकने काही लाखांत इंजेक्शनांचं पॅकेज सांगितलं होतं. पुरावा मागितला तर बऱ्या झालेल्या पेशंटचे व्हिडिओ दाखवले. आम्ही उठून आलो. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचं प्रत्यारोपण सोडलं, तर स्टेम सेल फक्त मंजूर चाचणीतच वापरायच्या, आणि चाचणीत पेशंटकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नाहीत. पैसे मागितले की समजा, तिथे संशोधन नाही, विक्री आहे. असल्या ठिकाणी गेलेला पैसा तर जातोच, शिवाय आधी पेशी टोचून घेतलेल्या पेशंटला खऱ्या चाचणीत सहसा घेत नाहीत.

मग करायचं काय? सीटीआरआय या देशातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदणीत चाचणी शोधा, ती सर्वांना मोफत बघता येते. आणि दुसरं, ज्याकडे फारसं कोणी बघत नाही: २०१९ च्या नियमांनुसार प्रत्येक चाचणीच्या नैतिकता समितीत, म्हणजे चाचणी तपासून मंजुरी देणाऱ्या समितीत, एक तरी सामान्य नागरिक लागतो. जवळच्या मेडिकल कॉलेजला पत्र लिहून त्या जागेसाठी नाव द्या. संमतिपत्र साध्या मराठीत आहे का, चाचणीत इजा झाली तर भरपाई कोण देणार, हे प्रश्न तिथे आपल्याइतके पोटतिडकीने कोण विचारणार?

मुलाला मार लागून किती काळ झाला आणि कोणत्या मणक्यापाशी, ते कळवा. सीटीआरआयवर काय शोधायचं ते सांगते.