दुकान मोबाइलवर, गल्ला कुठे?

या वेळी आलेले बरेचसे प्रश्न इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवरून थेट विक्री करण्याबद्दलचे आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: सेमी-पैठणीचा छोटा व्यवसाय आहे. इन्स्टाग्रामवर फोटो दाबला की किंमत दिसावी आणि गिऱ्हाइकाने तिथेच पैसे भरावेत, असं हवं आहे. अर्ज दोनदा नामंजूर झाला. (वाचक, येवला)

उत्तर: तिथल्या तिथे पैसे भरायची सोय इन्स्टाग्रामने २०१९ साली अमेरिकेत सुरू केली, भारतात ती नाही. आपल्याकडे फोटोवरचा प्रॉडक्ट टॅग दाबला की गिऱ्हाईक तुमच्या वेबसाइटवर जातं आणि पैसे तिथे भरतं. इन्स्टाग्राम ही नुसती काचेची शोकेस, गल्ला तुमचा तुम्हीच मांडायचा. वेबसाइट नसेल तर टॅगचा नाद सोडा आणि व्हॉट्सॲपचा कॅटलॉग करा, त्याबद्दल पुढच्या उत्तरात आहे.

वेबसाइट असेल तर क्रम असा: खातं प्रोफेशनल करा, फेसबुक पेजला जोडा, इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटा, तिच्या कॉमर्स मॅनेजरमध्ये कॅटलॉग बनवा, डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, तुमचंच आहे हे सिद्ध करा आणि मग दुकान तपासणीला पाठवा. डोमेनसाठी मेटा एक कोड देतं. तो वेबसाइटच्या कोडमध्ये किंवा डीएनएसच्या (डोमेन जिथून घेतलं तिथल्या सेटिंगमधल्या) टीएक्सटी नोंदीत चिकटवायचा असतो. घोळ होतो तो बहुधा इथेच. एखाद्या मोठ्या मार्केटप्लेसवरच्या आपल्या पानाची लिंक दिली जाते, आणि ते डोमेन आपलं नसतं. दुसरं कारण किमतीचं. कॅटलॉगमध्ये ३४५० आणि वेबसाइटवर सेल लावून ३१००, अशी तफावत असली की वस्तू अडकते. किंमत बदलायची तर दोन्हीकडे एकाच वेळी बदला.

कॅटलॉगची फाइल स्वतः भरत असाल तर किमतीच्या रकान्यात रुपयाचं चिन्ह किंवा स्वल्पविराम नको. इंग्रजी आकड्यात रक्कम आणि पुढे आयएनआर (INR), एवढंच. फोटो किमान ५०० बाय ५०० पिक्सेलचा लागतो, त्याहून मोठा आणि चौकोनी असेल तर उत्तम.

पैठणीवाल्यांची आणखी एक ठरलेली चूक आयडीची, म्हणजे कॅटलॉगमधल्या प्रत्येक वस्तूच्या ओळख क्रमांकाची. तुमच्याकडे एका रंगाचा बहुधा एकच नग असतो. तो विकला गेला की तोच आयडी पुढच्या साडीला देऊ नका. जुन्या पोस्टवरचा टॅग त्या आयडीला बांधलेला असतो, त्यामुळे गिऱ्हाईक जांभळी दाबतं आणि समोर उघडते मोरपंखी. विकलेली साडी ‘आउट ऑफ स्टॉक’ करा, नव्या साडीला नवा आयडी द्या. फोटो पिवळ्या दिव्याखाली काढू नका, खिडकीशेजारी सकाळच्या उजेडात काढा. जांभळा आणि वांगी रंग दिव्याखाली हमखास फसवतात. एक फोटो पदराचा, एक काठासकट अंगाचा आणि एक उलट्या बाजूचा हवाच. जाणकार बायका उलटी बाजू पाहूनच हातमाग की यंत्रमाग हे ठरवतात. सेमी असेल तर वर्णनातही स्वच्छ ‘सेमी’ लिहा.

प्रश्न: आमचा बचत गट कुरडया, पापड, मेतकूट करतो. व्हॉट्सॲपवर दुकान कसं मांडायचं? (वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर: व्हॉट्सॲप बिझनेस हे वेगळं ॲप आहे, फुकट आहे. त्यात बिझनेस टूल्समधल्या कॅटलॉगमध्ये ५०० पर्यंत वस्तू मांडता येतात, एका वस्तूला १० पर्यंत फोटो लावता येतात. २५० ग्रॅम आणि अर्धा किलो यांची नोंद वेगळी करा, नाहीतर ‘कुठलं वजन?’ या प्रश्नोत्तरांतच दिवस जातो. निव्वळ वजन, किंमत, बनवल्याची तारीख आणि एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी क्रमांक पाकिटावर हवा, तोच फोटोतही दिसू द्या.

एक नीट समजून घ्या: गिऱ्हाईक ‘कार्ट’ पाठवतं तेव्हा विक्री झालेली नसते. ती कार्ट म्हणजे यादी असलेला एक मेसेज. साठा कमी होत नाही, पैसे आलेले नसतात. शेवटचं एक किलो मेतकूट तीन जणी एकाच वेळी कार्टमध्ये टाकू शकतात. म्हणून क्विक रिप्लायमध्ये एक साचा ठेवा: एकूण रक्कम, कुरिअर, माल निघायचा दिवस, क्यूआर आणि ‘पैसे आल्यावरच माल राखून ठेवू’. चॅटमध्ये तिरकी रेघ आणि ठरवलेला शब्द टाइप केला की साचा हजर.

ब्रॉडकास्ट लिस्टचा, म्हणजे एकदम अनेकांना पाठवलेला, मेसेज पोहोचतच नाही, ही तक्रारही बऱ्याच जणींची आहे. ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच तो जातो. पहिल्या पार्सलमध्ये ‘नंबर सेव्ह करा’ अशी चिठ्ठी टाका.

आणि कुरडया. त्या हलक्या, पण जागा खातात. कुरिअर कंपन्या साधारणपणे लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात आणि प्रत्यक्ष वजनापेक्षा हा आकडा जास्त आला तर तोच धरतात. ३० बाय २५ बाय २० चा खोका म्हणजे ३ किलो, आत कुरडया पाऊण किलो असल्या तरी. खोका आधी मोजा, पोस्टेज मग सांगा. पापड त्या मानाने गुणी.

प्रश्न: गिऱ्हाइकाने पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट पाठवला, माल गेला, पैसे आलेच नाहीत. (वाचक, नाशिक)

उत्तर: स्क्रीनशॉट हा पुरावा नाही, तो दोन मिनिटांत बनतो. एसएमएसही बनावट असू शकतो. स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये रक्कम जमा दिसली तरच माल सोडा. ‘चुकून जास्त पाठवले, परत करा’ म्हणणाऱ्याच्या बाबतीतही तेच. पैसे घेताना यूपीआय पिन कधीच लागत नाही. फसवणूक झालीच असेल तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात.

प्रश्न: आम्ही कोल्हापूरचे. मसाल्यांना बेळगाव आणि पणजीहून मागणी येते. उलाढाल जेमतेम ६ लाख. जीएसटी लागेल का? (वाचक)

उत्तर: लागेल. मालासाठी ४० लाखांची जी मर्यादा ऐकता ती राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यांसाठी. करपात्र माल राज्याबाहेर गेला की उलाढाल कितीही असो, नोंदणी घ्यावी लागते, आणि मसाला करपात्र आहे. बेळगाव तासा-दोन तासांवर असलं तरी कागदावर ते कर्नाटक. फक्त पापड विकत असाल तर गोष्ट वेगळी, पापड करमुक्त आहे. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंनाही सवलत आहे, पण ती यादी पाहून लागू होते. तुमच्या मसाल्यांना ती नाही. नोंदणी होईपर्यंत त्या दोन गावांच्या ऑर्डरी थांबवा आणि कॅटलॉगच्या वर्णनात ‘सध्या फक्त महाराष्ट्रात’ असं लिहून ठेवा.