पुण्यात अंगणात वर्षभर फुलं देणारी, दरवर्षी नव्याने लावावी न लागणारी झाडं कोणती?

सदाफुली. आधी ती लावा, बाकीचं मग बघू.

नर्सरीवाल्याने तुम्हाला 'सदाफुली काय, कुठंही उगवते' असं म्हणून परतवलं, हे तुम्ही प्रश्नासोबत लिहिलेलं वाचलं आणि राहवलं नाही. हेच वाक्य मी घरात वर्षानुवर्षं ऐकलंय.

साताऱ्याच्या घरी सासूबाईंनी फाटकापासून ओट्यापर्यंत सदाफुली लावली होती, गुलाबी आणि पांढरी. रोजच्या पूजेची परडी त्यावरच भरायची. पुतणीच्या लग्नाआधी थोरल्या दिरांनी माळ्याकरवी सगळी रांग उपटली आणि तिथे पिटुनिया लावल्या. फोटो सुरेख आले, नाही म्हणत नाही. पण मार्च सरता सरता पिटुनिया करपल्या आणि पुढे नुसती उघडी माती. सासूबाई पूजेसाठी शेजारून फुलं मागून आणायच्या, ते मला अजून सलतं. वळवाचा पाऊस पडला तशी फरशीच्या फटींतून सदाफुलीची रोपं वर आली. तीच उचलून मी पुन्हा रांग लावली. दीर अजूनही तिला 'स्मशानातलं झाड' म्हणतात. मूळची मादागास्करची ही, आपल्या उन्हात बारा महिने फुलते आणि कॅन्सरवरची व्हिन्क्रिस्टिन, व्हिनब्लास्टिन ही औषधं तिच्यापासूनच मिळतात. अशा झाडाला हलकं म्हणायचं?

तिच्या जोडीला तगर आणि साधी लाल जास्वंद लावा. जास्वंदीला फूल नव्या फुटीवर येतं, तेव्हा छाटायला कचरू नका. पिठ्या ढेकूण या पांढऱ्या, कापसासारख्या किडीकडे मात्र लक्ष ठेवा. थोडी सावली असेल तिथे अबोली. झुपक्यांनी फुलणारा एक्झोरा कोकणातल्या जांभ्या मातीत खुलतो, चुनखडीच्या जमिनीत त्याची पानं पिवळी पडतात. मोगरा हौसेने लावा, पण त्याचा बहर उन्हाळ्याचा, त्याच्यावर वर्ष निघत नाही. नत्राचं खत फार घातलंत तर नुसता पाला वाढेल.

हो, एक राहिलं. सदाफुलीच्या मुळाशी पाणी साचलं तर ती कुजते, म्हणून पावसाळ्याआधी वाफा उंच करून घ्या. शिवाय ती विषारी आहे. मुलांना पानं तोंडात घालू देऊ नका आणि औषधी म्हणून घरी काढा तर मुळीच करू नका.

पिटुनिया हवीच असेल तर कुंडीत लावा, जमिनीतली जागा तिला देऊ नका. दिरांनाही मी तेव्हा हेच सांगितलं होतं.