पास रशरची पारख: सॅक मोजण्याआधी त्याचा फसलेला डाव बघा

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमध्ये टीम कॉलेजचे खेळाडू निवडतात तो ड्राफ्ट. त्याच्या आधी कॉलेजच्या पास रशरची, म्हणजे पास टाकणाऱ्या क्वार्टरबॅकवर धावून जाणाऱ्याची, पारख करताना सॅक (पास सुटायच्या आत क्वार्टरबॅकला पाडणं) बघाव्यात की कंबाइनचे (ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचण्यांचे) आकडे, असं तुम्ही विचारलंय. दोन्ही नंतर. आधी बघायचं ते एवढंच, की पहिला डाव फसल्यावर हा पोरगा काय करतो. गेली कित्येक वर्षं मी हे माझ्या मेहुण्याला सांगतोय आणि त्याला ते पटत नाही. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

मी पिट्सबर्गला राहतो, मूळचा कोल्हापूरचा. आमचे आण्णा तालमीतले. त्यांचं बोट धरून खासबागेत कुस्त्या बघत मोठा झालो. म्हणून इथे आल्यावर फुटबॉलमधलं बाकी काही कळायच्या आत मला लाइनवरची झटापट कळली. एज (कडेने घुसणारा रशर) आणि टॅकल (त्याला अडवणारा) एकमेकांना भिडतात तेव्हा पहिल्या सेकंदात जे चालतं ती सरळ सरळ खडाखडी असते. मनगट कोणाचं कोणाच्या हातात जातं, वजन कोणाचं टाचेवर पडतं, कंबर आधी कोण सोडतं. माझा मुलगा शाळेच्या टीममध्ये डिफेन्सिव्ह एंड, म्हणजे एजवरच, खेळायला लागला, तेव्हा आण्णांनी कोल्हापुरातून व्हिडिओ कॉलवर त्याला मनगट सोडवायला शिकवलं. इकडे उशी धरून मी उभा आणि तिकडून आण्णांचा आवाज, "हात नको बघू, त्याचा खांदा बघ, खांदा आधी बोलतो."

मुलगा बारावीला होता तेव्हाची गोष्ट. ऑक्टोबर, शुक्रवारची रात्र, बोटं आखडतील एवढी थंडी. समोरच्या शाळेचा लेफ्ट टॅकल पावणेतीनशे पौंडांचा, त्याला बऱ्याच कॉलेजांची बोलावणी आलेली. एका कॉलेजचे कोच त्यालाच बघायला आले होते, आणि आमच्या पोरालाही बघून घेतो म्हणाले होते. मी नेहमीसारखा सगळ्यात वरच्या बाकावर ट्रायपॉड लावून बसलेलो.

पहिले तीन क्वार्टर मुलगा फक्त बाहेरून जात राहिला. दरवेळी तीच पावलं, तोच वळसा, आणि टॅकल त्याला शांतपणे क्वार्टरबॅकच्या मागून लांब पाठवत राहिला. मला वाईट वाटत होतं. चौथ्या क्वार्टरला थर्ड अँड नाइन आला, म्हणजे चारपैकी तिसरा प्रयत्न आणि नऊ यार्ड बाकी. स्नॅप झाला, म्हणजे बॉल क्वार्टरबॅककडे गेला, मुलाने बाहेरच्या बाजूला दोन पावलं टाकली, अगदी आधीसारखीच. टॅकलने सवयीने तिसरं पाऊल आधीच मागे टाकलं आणि त्याचं सगळं वजन बाहेरच्या पायावर गेलं. त्या क्षणी मुलाने डाव्या हाताने त्याचं उजवं मनगट खाली झटकलं, स्वतःचा उजवा हात त्याच्या काखेखालून वर घेतला आणि आतून घुसला. टॅकल वळेपर्यंत पोरगा त्याच्या पाठीशी. क्वार्टरबॅकने हातात आलेला बॉल घाबरून साइडलाइनच्या बाहेर भिरकावला. पंट, म्हणजे लाथ मारून बॉल आमच्या ताब्यात. सामना तिथेच फिरला.

तीन क्वार्टर त्याने त्या टॅकलला एकाच दिशेची सवय लावली होती, आणि लागेल त्या वेळी ती सवय वापरली. आण्णा याला डाव राखून ठेवणं म्हणतात.

स्टॅटशीटवर याचं काय लागलं? काहीच नाही. इन्कम्प्लीट पास. सॅक शून्य. तो स्नॅप झाला तेव्हा ते कोच माझ्या खाली तीन बाकांवर मान घालून फोनवर बोलत होते. सामना संपल्यावर ते मैदानात उतरले, हात मिळवला, खिशातून टेप काढली आणि खांद्याच्या हाडापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मुलाचा हात मोजला. साडेएकतीस इंच. वहीत आकडा लिहिला, वही मिटली, "चांगला खेळलास" म्हणाले आणि गेले. फोन परत कधी आला नाही.

त्याच रात्री मेहुण्याचा फोन. तो न्यू जर्सीत असतो, विमा कंपनीत आकडेमोडीचं काम करतो. "दाजी, साडेएकतीस म्हणजे अवघडच की. तेहतीसच्या खाली कोण घेतं?" तेहतीस इंच ही लक्ष्मणरेषा आहे हे मलाही ठाऊक होतं. पण आतल्या खोलीत पोरगं पाठीला बर्फ लावून पडलेलं असताना ते ऐकवत नव्हतं.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो.

नुसत्या सॅकवर विश्वास ठेवू नका. हा धडा मला जार्विस जोन्सने दिला. २०१२ च्या सीझनला जॉर्जिया विद्यापीठाकडून १४.५ सॅक, देशात सगळ्यात जास्त. २०१३ ला आमच्या पिट्सबर्गच्या स्टीलर्सनी त्याला १७ व्या नंबरला घेतलं तेव्हा मी घरात पेढे वाटले होते. चार वर्षांत सॅक झाल्या सहा. नंतर त्याची कॉलेजची टेप, म्हणजे सामन्यांचं चित्रण, मी पुन्हा बसून पाहिली. पहिलं पाऊल साधारण, आणि टॅकलचे हात एकदा छातीला लागले की तो तिथेच अडकायचा. हे मला आधी का दिसलं नाही? कारण मी फक्त सॅकच्या क्लिप बघितल्या होत्या, आणि सॅकच्या क्लिपमध्ये प्रत्येक जण वाघ दिसतो.

नुसत्या मोजमापावरही ठेवू नका. आणि मोजमाप अधिक सॅक अशी बेरीज करून निश्चिंत व्हायचं असेल तर व्हर्नन गोल्स्टन आठवा. २००७ ला ओहायो स्टेटकडून १४ सॅक, त्या कॉलेजचा विक्रम. कंबाइनला बेंच प्रेसच्या ३७ रेप्स. शरीर असं की बघत राहावं. २००८ ला जेट्सनी सहाव्या नंबरला घेतला. तीन वर्षं. एकही सॅक नाही. दोन्ही रकाने भरलेले होते की!

उलट डॅनियल हंटर. एलएसयू या कॉलेजमधल्या सगळ्या वर्षांच्या मिळून सॅक साडेचार, शेवटच्या सीझनला दीड. २०१५ ला तिसऱ्या फेरीत, ८८ व्या नंबरला वायकिंग्जनी घेतला आणि तो लीगमधल्या सगळ्यात भरवशाच्या रशरपैकी एक झाला. कॉलेजमध्ये त्याला रन, म्हणजे बॉल घेऊन पळणारा, अडवायला उभं केलं होतं, ते काम तो करत होता. म्हणून आकडा बघताना त्याला नेमून दिलेलं काम काय होतं ते विचारायचं.

टेप बघायची तर थर्ड डाऊन बघा, चौथा क्वार्टर बघा, आणि त्या सीझनला त्याच्यासमोर जो सगळ्यात चांगला टॅकल आला तो सामना पूर्ण बघा. बाकीचे सोडले तरी चालतील. प्रत्येक सॅकला विचारा, त्याला ब्लॉक कोण करत होतं? कोणीच नव्हतं? टाइट एंड (टॅकलपेक्षा हलका, पासही झेलणारा) होता? बॉल चार सेकंद क्वार्टरबॅकच्या हातातच असेल तर ती सॅक पास झेलणाऱ्यांना मागे रोखून धरणाऱ्या कॉर्नरबॅक मंडळींची, रशरची नाही. ईएसपीएन पास रश विन रेट काढतं त्यात अडीच सेकंदांची मुदत असते. ती मुदत डोक्यात ठेवा. त्या वेळात टॅकलला मागे टाकलं की रशर जिंकला, सॅक लागो न लागो.

फोर्टीची वेळ माझ्या लेखी फार मोलाची नाही. क्वार्टरबॅककडे चाळीस यार्ड सरळ कोण पळतं? पहिल्या दहा यार्डांची वेळ बघा आणि थ्री-कोन (तीन शंकूंभोवती वळत धावायची चाचणी) बघा. टॅकलच्या बाहेरून वळताना खांदा खाली, घोटा वाकलेला आणि वेग तोच, हे ज्याला जमतं तो त्या थ्री-कोनमध्ये दिसतो. टी. जे. वॉटने ६.७९ सेकंदांत केला होता. फोर्टी मात्र ४.६९, काही खास नाही. २०१७ ला जोन्स पिट्सबर्गमधून गेला आणि त्याच वर्षी ३० व्या नंबरला वॉट आला. मेहुणा माझ्याच सोफ्यावर बसून म्हणाला, "भावाच्या नावावर घेतला." भाऊ म्हणजे जे. जे. वॉट, लीगमधला नावाजलेला रशर. खरं तर वॉट आधी टाइट एंड होता, कॉलेजात एजवर पूर्ण खेळलेला सीझन एकच. पण त्या एका सीझनमध्ये त्याचे हात बघा. टॅकलचा हात छातीला लागायच्या आत तो झटकलेला असायचा, आणि एक बाजू बंद झाली की पाय न थांबता दुसरी. २०२१ ला २२.५ सॅक करून त्याने मायकेल स्ट्रेहनच्या एका सीझनमधल्या सॅकच्या विक्रमाची बरोबरी केली.

वॉटच्या दोन वर्षं आधी स्टीलर्सकडे आलेला बड डुप्री मात्र मेहुण्याचा लाडका. ४२ इंच उभी उडी. पण ११.५ सॅकचा सीझन यायला पाचवं वर्ष उजाडावं लागलं. उडी अंगात होती, हात शिकायला वेळ गेला.

आणि हातांच्या लांबीचं म्हणाल तर एडन हचिन्सन. ३२ आणि एक अष्टमांश इंच. २०२२ ला जॅक्सनव्हिलने त्याला सोडून साडेपस्तीस इंच हातांचा, ४.५१ ची फोर्टी पळणारा ट्रॅव्हन वॉकर पहिला घेतला. मेहुण्याने मला मुद्दाम मेसेज केला होता. पहिल्या सीझनला वॉकरच्या साडेतीन सॅक, हचिन्सनच्या साडेनऊ. हे मी मेहुण्याला फोन करून सांगितलं, आणि सांगताना मला माझ्या पोराचीच बाजू घेतल्यासारखं वाटलं.

आता जे मान्य करायला हवं तेही लिहितो. वॉकरने पुढच्या दोन सीझनला १० आणि १०.५ सॅक केल्या, आणि जॉर्जियात त्याला कितीदा तरी आत, बचावाच्या बाजूच्या डिफेन्सिव्ह टॅकलच्या जागी खेळवलं होतं, म्हणजे तिथे त्याचा आकडा कमी असणारच होता. जॅक्सनव्हिलला जे दिसलं ते खोटं नव्हतं. हचिन्सनही सहा फूट सात इंचांचा आहे, माझा मुलगा सहा फूट एक. ही तुलना मी बापाच्या डोळ्यांनी करतो, तशी करायला नको. शरीराची एक किमान पातळी लागतेच, जोन्स तिथेच कमी पडला, आणि त्या बाबतीत मेहुण्याचं बरोबर होतं. शिवाय आपण टीव्हीवरची टेप बघतो. टीमकडे वरून घेतलेली पूर्ण मैदानाची फिल्म असते, डॉक्टरांचे रिपोर्ट असतात, पोराला समोर बसवून विचारलेले प्रश्न असतात. गुडघा कसा आहे हे तुम्हाला-मला घरबसल्या कळत नाही.

पण फसलेले डाव बघायला यातलं काहीच लागत नाही. एका सामन्यातले तीसेक पास स्नॅप घ्या, कागदावर दोन रेघा ओढा. पहिला डाव अडला तेव्हा तो थांबला की दुसऱ्यावर गेला, एवढंच टिपा. माझा मुलगा आता सिव्हिल इंजिनिअर आहे, शनिवारी त्याच शाळेच्या धाकट्या पोरांना लाइनवर शिकवतो, आणि त्यांच्याकडूनही तो हेच टिपून घेतो. ऑक्टोबरमधल्या त्या रात्रीचा पूर्ण व्हिडिओ माझ्याकडे आहे. कागद घेऊन बसायचं असेल तर तोच आधी पाठवतो. पहिले तीन क्वार्टर मात्र गाळू नका.