बाजाराच्या दिवशी एकच पुडी

प्रश्न : डॉक्टर मॅडम, माझं वय 46. यावल तालुक्यात राहते, घरची केळीची बाग आहे. कंबर, मांड्या सारख्या दुखतात. खाली बसलं की उठताना जमिनीला हात टेकावा लागतो. तपासणीत ड जीवनसत्त्व 9 निघालं. आमच्याकडे मे महिन्यात ओटासुद्धा पाय भाजतो, मग उन्हाचंच जीवनसत्त्व कमी कसं? रोज सकाळी सातला उन्हात बसते. आठवड्याला एक पुडी दिली आहे. रोज घेतली तर लवकर फरक पडेल का?

उत्तर : ताई, आधी पुडीचं. रोज अजिबात नको! त्या एका पुडीत बहुधा 60,000 युनिट असतात. मोठ्या माणसाची रोजची गरज साधारण 600. जास्तीचं ड लघवीवाटे निघून जात नाही, शरीरात साठतं. मग रक्तातलं कॅल्शियम वाढून मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान, कधी मुतखडा. मी पेशंटना बाजाराचा वार ठरवून देते, तो कोणी विसरत नाही. जेवण झाल्यावर दुधातून घ्या, लिहून दिलेत तेवढेच आठवडे.

आता ऊन. चटका बसला म्हणजे ड मिळालं, असं नाही. ते बनवणारे किरण सातच्या तिरप्या उन्हात जवळपास नसतातच. आपली सावली बघायची. ती आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की ऊन कामाचं. मेमध्ये हे साडेनऊलाच होतं, त्यामुळे भर दुपारी बसून ऊन लागून घेऊ नका. डिसेंबरात मात्र बारा-एकलाच बसावं लागेल. हात-पाय उघडे ठेवून पंधरा-वीस मिनिटं. काचेतून आलेलं ऊन चालत नाही. आपल्या सावळ्या कातडीला वेळ जरा जास्तच लागतो.

माझी आई चैत्रात गच्चीवर बिबडे (ज्वारीचे पापड) घालायची, दहापर्यंत दंड उन्हात. मी बिबडे विकत आणते, स्कूटरवर सनकोट, स्कार्फ, हातमोजे, आणि दिवसभर दवाखान्यात. माझा आकडा 11 आला होता, तेव्हा तुम्हाला काय बोलू!

भाकरी-भाजीतून ड फारसं मिळत नाही. अंड्याच्या बलकात थोडं असतं. तीन महिन्यांनी ड आणि कॅल्शियम दोन्ही तपासून घ्या. आणि पूर्वी कधी मुतखडा झाला असेल, तर पुढची पुडी फोडण्याआधी तुमच्या डॉक्टरांना तेवढं सांगा.