अभ्यासिकेसाठी छोटा कॉम्प्युटर घेताय?

भाऊ, अभ्यासिकेत पोरांना वायफायवरून व्हिडिओ-पुस्तकं द्यायला दिवसरात्र चालणारं मशीन हवं, तर मोठा पीसी घेऊच नका. रास्पबेरी पाय, म्हणजे एकाच बोर्डावरचा तळहाताएवढा कॉम्प्युटर, चालतो, वीजही जेमतेम खातो. पण नुसत्या बोर्डाच्या किमतीवर भुलू नका. अ‍ॅडॉप्टर, वरची पेटी, पंखा, मेमरी कार्ड धरलं की हिशोब वाढतो. अन् आपल्याकडची लाइन! लिहिता लिहिता वीज गेली की कार्डावरच्या फाइली बिघडतात. माझी एका पावसाळ्यात दोन कार्डं गेली.

आता मी ऑफिसातून निघालेला जुना मिनी पीसी वापरतो, जाड पुस्तकाएवढा. ८ जीबी रॅम, फाइली साठवायला २५६ जीबीची एसएसडी, बस. घेताना अ‍ॅडॉप्टर त्याचाच मागा. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच उघडता येणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर, वीज परतली की आपोआप सुरू व्हायची सेटिंग असते, ती लावून दुकानातच प्लग उपटून बघा. नाहीतर लोडशेडिंगनंतर रोज रात्री बटण दाबायला तुम्हालाच जावं लागेल.

टिनाखाली ठेवू नका बाप्पा. रास्पबेरी पायचा प्रोसेसर ८० अंशांच्या पुढं वेग कमी करतो, अन् मे महिन्यात आपली हवाच ४५ची. कापूस वेचणीत पंख्याच्या जाळीवर तंतू बसतात, तेवढा ब्रश मारत जा.