सोलापुरात राहतो, चाकूंचा संग्रह सुरू करायचाय. पहिला कोणता घेऊ?

दिखाऊ फोल्डिंगचा नको, लोहाराकडून साधा पोलादी, पाच-सहा इंची पात्याचा घ्या. माझ्याकडे आज चौदा आहेत, पण धार लावणं, गंज ओळखणं त्या पहिल्यानेच शिकवलं. भाकरीच्या तव्यासारखाच तोही ओला राहिला की रात्रीत तांबूस होतो. पुसून शिलाई मशीनचं तेल लावा. गोडेतेल नको, ते चिकट होऊन बसतं. चामड्याच्या म्यानात कायमचा ठेवू नका, चामडं ओल धरतं. तेलाचा हात फिरवलेला चादरीचा तुकडा बरा (आपल्याकडे त्याला काय तोटा!). फक्त 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पातं घरकामाचं वा शेतीचं नसेल, तर ते शस्त्र नियमांत येतं. जुनी कट्यार मोहात पाडेल, आधी पोलीस ठाण्यात विचारा.